रविवारची फर्स्ट शिफ्ट

मामा प्रार्थनेत डोळे मिटत नसत. गुरुवारच्या घरसभेत आम्ही पंधरावीस माणसं सतरंजीवर माना खाली घालून बसलेली असायची, कुणाच्या आईच्या गुडघ्यासाठी, कुणाच्या मुलाच्या नोकरीसाठी विनंती चाललेली असायची, आणि मामा भिंतीला पाठ टेकून टक्क उघड्या डोळ्यांनी सगळ्यांकडे बघत असायचे. हे मला कसं माहीत, तर मीही एक डोळा किलकिला करून बघायचो. कोण मनापासून प्रार्थना करतंय आणि कोण नुसतं बसलंय, यावर लक्ष ठेवणं हे मला त्या वयात माझं काम वाटत असे. एकदा सभा संपल्यावर मी त्यांना हटकलं. मामा म्हणाले, "तीस वर्सं प्रेसवर काढली, सुधीर. तिथं डोळं मिटलं की बोटं जात्यात. आता सवय मोडत न्हाई. आन देवाला काय, उघड्या डोळ्यांच्या माणसाचं ऐकू येत नसंल व्हय?"

मी हसलो नाही. मला तो उद्धटपणा वाटला.

आम्ही दोघं चाकणच्या एकाच कंपनीत होतो. पत्र्याचे भाग बनवणारी कंपनी. प्रेसखाली पत्रा सरकवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरून डाय, म्हणजे साचा, खाली येते आणि गाडीचा एखादा कंस किंवा पट्टी तयार होऊन बाहेर पडते. पाळीत असे हजारो ठोके. मामा, सगळेच त्यांना मामा म्हणत, तिथले सगळ्यांत जुने ऑपरेटर, आणि शेवटच्या काही वर्षांत रिलीव्हर. म्हणजे जो गैरहजर असेल त्याच्या मशीनवर उभं राहायचं. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी तरुणपणीच गेली होती. त्यामुळे की काय, पाळी सुटताना ते दाराशी उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "दहा हायत का?" मग तो बिहारचा असो, लातूरचा असो, की आपल्या मावळातला, त्याने दोन्ही पंजे पसरून दाखवायचे. मामा एक नजर टाकत आणि म्हणत, "जा मग घरी." नवीन माणसाला पहिले दोन दिवस ही चेष्टा वाटायची. नंतर एखाद्या दिवशी मामा दाराशी दिसले नाहीत, तर तो त्यांना शोधायला जायचा.

त्यांची दुसरी गोष्ट म्हणजे विसरणं. वडील वारले म्हणून गावी गेलेला एखादा परत येऊन सांगायचा, "मामा, तुम्ही माझ्या मशीनवर चार दिवस सलग डबल मारली, लई उपकार झाले." मामा खरोखर गोंधळून जात. "कवा? मला आठवत न्हाई बाबा. दुसरा कोन आसंल." मला वाटायचं हे सोंग आहे. माणूस चांगलं काम करतो आणि विसरतो, हे माझ्या हिशेबात बसत नव्हतं. मी स्वतः केलेली कामं मला तारीखवार पाठ होती.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान, काळेवाडीत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या हॉलमध्ये भरणारी. बहुतेक घरं नगर जिल्ह्यातून पोटापाण्यासाठी आलेली. गिरणीवाला वारकरी माणूस, पण रविवारी आमच्या उपासनेच्या वेळी दीड तास गिरणी बंद ठेवायचा. पाळकसाहेब तळेगावला राहत आणि त्यांच्याकडे आणखी दोन मंडळ्या होत्या. त्यामुळे एरवीचा सगळा कारभार सेक्रेटरीकडे, म्हणजे माझ्याकडे. मी पोस्टाने शास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता, प्रमाणपत्र हॉलमध्ये लावलं होतं, आणि माझा एक ठरलेला विषय होता. माणसाचं तारण विश्वासाने होतं, कर्मांनी होत नाही. कुणी आजारी असो, कुणाचं बारसं असो, मी फिरून फिरून तिथेच यायचो. सत्कर्मं ही मळकी वस्त्रं आहेत, त्यांच्या जोरावर देवापुढे कुणी उभं राहू शकत नाही, असं बोलताना माझा आवाज चढायचा. मला आजही वाटतं की मी बोलायचो ते खरं होतं. पण खरं बोलून माणूस काय काय करू शकतो, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता आमची खरी अडचण सांगतो. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवार हा कामाचा दिवस. उपासना सकाळी साडेनऊला, आणि फर्स्ट शिफ्ट सातला सुरू होऊन साडेतीनला सुटते. म्हणजे ज्या आठवड्यात फर्स्ट असेल त्या रविवारी देऊळ बुडालंच. कंपनीत मामांशिवाय आम्ही ख्रिस्ती तिघं होतो. मी, प्रकाश आणि सॅम्युअल. तिघं तीन पाळ्यांत, त्यामुळे दर रविवारी कुणाचं ना कुणाचं बुडायचं. मी मंडळीचा सेक्रेटरी असून दर तीन आठवड्यांनी गैरहजर, याची मला लाज वाटायची. शेवटी मी तीन दिवस उपास केला, एक अर्ज लिहिला आणि आमचे सुपरवायझर ढोले साहेब यांच्या टेबलावर ठेवला. माझा धर्म पाळण्यासाठी रविवारी मला फर्स्टऐवजी सेकंड शिफ्टला येऊ द्यावं, असा तो अर्ज होता. ढोले साहेबांनी वाचला आणि बाजूला सारला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारून सांगितलं, "रविवारी सेकंडला येत जा."

ही माझी साक्ष झाली. आमच्याकडे साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगणं. मी ती सात वर्षं सांगितली. उपास, अर्ज, ढोले साहेबांचा चेहरा, तिसरा दिवस, सगळं रंगवून. माझं ऐकून प्रकाशने आणि सॅम्युअलनेही अर्ज दिले आणि तेही मंजूर झाले. दोन नवीन कुटुंबं ही साक्ष ऐकून मंडळीत यायला लागली. शेवटी मी नेहमी म्हणायचो, "मी काही केलं नाही. मी फक्त विश्वास ठेवला."

त्याच सुमारास मामांची बायको वारली. मामी मंडळीची जुनी सभासद, प्रभुभोजन नेमाने घेणारी. मामा तिच्याबरोबर यायचे पण दाराजवळ बसायचे, आणि भाकर नि प्याला फिरायची वेळ आली की उठून खाली गिरणीपाशी जाऊन उभे राहायचे. कुणी विचारलं तर म्हणत, "मी अजून तसा न्हाई." मामी गेली आणि मामांनी रविवारी यायचं बंद केलं. गुरुवारच्या सभेला येत, रविवारी मात्र नाही. रविवारची फर्स्ट त्यांनी स्वतः मागून घेतली आहे, हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. का मागून घेतली, हे मी कधी विचारलं नाही. दुःखाने विश्वास थंडावतो याचं एक उदाहरण म्हणून मी त्यांना मनात नोंदवून ठेवलं होतं, आणि नाव न घेता दोनतीनदा संदेशातही वापरलं.

रविवारी दुपारी मी सेकंडला यायचो तेव्हा मामा फर्स्ट संपवून गेटातून बाहेर पडत असायचे. मी उपासनेचा पांढरा शर्ट बदलून, जेवून, कंपनीच्या बसने आलेलो. ते आठ तास उभे राहून तेलकट झालेले. मला बघितलं की थांबायचे. "कसं झालं आज? काय वचन व्हतं?" मग गेटजवळच्या चहाच्या टपरीशी उभं राहून मी त्यांना पाच मिनिटांत अख्खा संदेश सांगायचो. ते मान हलवत ऐकायचे. गाणी कुठली म्हटली तेही विचारायचे. एखादं मामीच्या आवडीचं निघालं तर "व्हय का" एवढंच म्हणायचे. मी एकदा म्हणालो, "मामा, हे सगळं तुम्हाला तिथे येऊनच ऐकता येईल. आज प्रभूचा दिवस आहे." ते म्हणाले, "हाय ना. तुमी जाऊन आला, झालं की." मला ते उत्तर फार आळशी वाटलं. परत जाताना ते मागे वळून म्हणाले, "तुजं मशीन जरा डावीकडं वढतंय. संबाळून."

माझं मशीन डावीकडे ओढतंय हे त्यांना कसं माहीत, हा प्रश्न मला त्या दिवशी पडायला हवा होता.

एका गुरुवारी घरसभेत मी त्यांना उभं केलं. सगळ्यांच्या साक्षी झाल्या होत्या, तेच राहिले होते. मी विचारलं, "मामा, तुमचं तारण झालं आहे का?"

मामा उभे राहिले, शर्ट खाली ओढला. "ते त्याला म्हाईत."

"पण तुम्हाला काय वाटतं? कधी विश्वास ठेवलात? काही दिवस, काही वेळ?"

"तारीख न्हाई माझ्याकडं."

"मग देवापुढे कशाच्या भरवशावर उभे राहणार?"

"मला वाटतं, तो मला काम इचारील," ते म्हणाले. "मी म्हणंन, रोज गेलो. माझ्या पाळीत कुनाच्या हाताला लागू दिलं न्हाई."

सभेत कुणीतरी हळूच हसलं. मी ती संधी सोडली नाही. तिथल्या तिथे पंधरा मिनिटं बोललो. माणसाला कामाने तारण कमावता आलं असतं, तर वधस्तंभाची गरजच काय होती, असा माझा ठेवणीतला मुद्दा काढला. मामा तोवर उभेच होते, मी बसा म्हणालोच नव्हतो. माझं संपल्यावर ते म्हणाले, "खरं हाय तुजं. तू शिकलेला." मग बसता बसता, जणू स्वतःशीच, "पर मी काय मिळवाया करत न्हाई रं. मला हात रिकामं ठिवून बसवत न्हाई, येवढंच."

ते वाक्य मी ऐकलं आणि पुढचं गाणं सुरू केलं. आज वाटतं, विश्वासावर मी सात वर्षांत जेवढं बोललो, त्यापेक्षा त्या एका वाक्यात जास्त होतं. पण हे आज वाटून काय उपयोग.

मामांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं असताना एका रविवारी गेटवर त्यांनी मला बाजूला घेतलं. लाजल्यासारखे झाले होते. "सुधीर, ती पंगत हाय ना आपली, भाकर नि प्याल्याची. एकदा बसंन म्हणतो. ती चाळीस वर्सं घेत व्हती. काय घेत व्हती ते मला तरी कळंल."

प्रभुभोजनाला कोण बसणार, त्याची यादी मी करायचो. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब येत आणि माझी यादी बघून पुढे जात. नवीन माणसाला बसायचं असेल तर त्याने आधी साक्ष द्यावी आणि सलग सहा रविवार उपासनेला हजर राहावं, अशी अट होती. ही अट पाळकसाहेबांची नव्हती आणि शास्त्रातलीही नव्हती. ती मी घातली होती. मंडळीला शिस्त लागावी म्हणून. पाळकसाहेबांनी "बघ बाबा, जास्त ताणू नको" म्हणून सोडून दिलं होतं.

मी मामांना अट सांगितली.

"सहा? सलग?"

"सलग."

मामांनी गेटातून आत, मशीनच्या शॉपकडे पाहिलं. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मग मान हलवली. "न्हाई जमायचं. ऱ्हाऊ दे."

आणि मी म्हणालो, "मामा, वर्षाला बावन्न रविवार असतात. त्यातले सहा देवाला देता येत नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला तर वाटतं त्यांना हसू येत होतं, आणि ते त्यांनी दाबलं. "तुजी पाळी सुरू व्हतीय बग," एवढंच म्हणाले आणि निघाले.

त्यानंतर काही महिन्यांतच ते आजारी पडले. काविळीचं निमित्त झालं आणि तपासण्यांत आतून बरंच काही निघालं. दवाखान्याने थोडे दिवस ठेवून घरी पाठवलं. तळवड्याला त्यांची एक खोली होती, तिथे नगरहून मुलगी येऊन राहिली. मामा कामावर नसलेला पहिला रविवार सॅम्युअलच्या फर्स्टचा होता, पण तो तेव्हा गावी रजेवर होता. दुसरा प्रकाशचा, आणि त्या दिवशी ऑर्डर नसल्याने लाइन बंद होती. तिसरा माझा. शनिवारी दुपारी ढोले साहेबांचा फोन आला.

"उद्या फर्स्टला ये."

"साहेब, मला रविवारची परमिशन आहे."

"कसली परमिशन?"

"माझा अर्ज होता. सात वर्षांपूर्वीचा."

"तो मी तेव्हाच फाडला, राव," ढोले साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत, चकित झाले होते. "एकाला रविवार दिला तर सगळे मागतील. मामा आले माझ्याकडं. म्हणाले, मी रिलीव्हर आहे, मला रविवारी सेकंड असते ती काढा, फर्स्टला घ्या, त्या पोराच्या मशीनवर मी उभा राहतो. मग त्या दुसऱ्या दोघांचं पण तेच. तीन मशीन आळीपाळीनं. तुला माहीत नाही? मला वाटलं तुमचं आपसात ठरलंय."

मी म्हणालो, "हो, ठरलंय." का म्हणालो ते मला सांगता येणार नाही.

रविवारी सातला मी माझ्या मशीनवर उभा राहिलो. सात वर्षांत पहिल्यांदा. रविवारी सकाळी त्या शॉपमध्ये कसा उजेड येतो ते मी विसरलो होतो. साडेनऊ वाजले. काळेवाडीत आता गिरणी बंद झाली असेल आणि पहिलं गाणं सुरू झालं असेल, हे मनात येताच हात थांबले. बाजूच्या मशीनवरचा लातूरचा माणूस म्हणाला, "मामा पण या टायमाला थांबायचे जरा. पाच मिनिटं. मग म्हणायचे, चला, तिकडं बसली सगळी." मंडळीत मी निरोप धाडला होता की माझी तब्येत बरी नाही. देवाने मला रविवार दिला, असं सात वर्षं सांगितल्यावर आज शिफ्ट लागली हे कसं सांगणार होतो.

साडेतीनला सुटलो तो थेट तळवड्याला गेलो. मुलीने दार उघडलं. मामा खाटेवर उशीला टेकून बसले होते. पिवळे पडलेले, गालाची हाडं वर आलेली. मला पाहून म्हणाले, "ये. कसं झालं आज?"

मी म्हणालो, "मामा, मी आज फर्स्टला होतो."

ते समजले. मुलीला चहा टाकायला सांगितलं.

"का सांगितलं नाही मला?" मी विचारलं. माझा आवाज चढलेलाच होता, तिथेही.

"सांगितलं आसतं तर तू गेला आसतास का देवळात?"

"पण मी तिथे उभा राहून काय सांगत होतो माहीत आहे ना तुम्हाला? देवाने अर्ज मंजूर केला म्हणून."

"मग खोटं काय त्यात?" मामा म्हणाले. त्यांना दम लागत होता, ते थांबून थांबून बोलत होते. "तू मागितलंस, त्यानं दिलं. आता त्यानं ढोल्याला सांगितलं का मला सांगितलं, त्याचं तो बघंल. मला काय ऐकू आलं न्हाई, पर पाय तिकडं वळलं. चांगली व्हती तुजी साक्ष. दोन घरं आली तिच्यावर."

मी रडलो. मुलगी चहा घेऊन आली तर तोंड फिरवून बसलो. मामांनी मला रडू दिलं. चहा निवायला लागला तेव्हा ते म्हणाले, "एक इचारू? आता सुट्टीच हाय मला. पडून हाय, पर साडेनवाला मी तयार आसतो, हिला इचार. हे रविवार धरत्यात का तुमच्यात? आजचा तिसरा. तीन ऱ्हायलं."

"मामा, अट गेली," मी म्हणालो. "मी पाळकसाहेबांना इथे घेऊन येतो. भाकर नि प्याला इथेच आणतो."

"कवा?"

"लगेच."

त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला. चार बोटांचा हात, थंड.

आता पुढचं सांगायचं म्हणजे मला जड जातं. तळेगावहून पाळकसाहेब स्कूटरवर पाऊण तासात आले असते. एक फोन करायचा होता. घरी येऊन मी फोन हातात घेतला. मग विचार केला, त्यांना काय सांगू? ते विचारतील, मामांना आजवर का बसवलं नाही. मग अट निघेल. मग ते विचारतील, रविवारी का येत नव्हते. मग सगळंच निघेल. उपास, अर्ज, तिसरा दिवस. सात वर्षांची साक्ष, तिच्यावर आलेली दोन घरं, भिंतीवरचं प्रमाणपत्र. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, समक्ष सांगायला हवं, असं मी ठरवलं. गुरुवारी सुट्टी आहे, तेव्हा तळेगावला जाऊ, नीट बसून बोलू, आणि तिथूनच त्यांना घेऊन तळवड्याला येऊ. मला ते शहाणपणाचं वाटलं. झोपण्यापूर्वी मी मामांसाठी लांबलचक प्रार्थना केली.

मामा गुरुवारपर्यंत राहिले नाहीत.

गुरुवारी सकाळी दफन झालं. सुट्टी असल्याने अख्खा प्रेस शॉप आला होता, शंभरावर माणसं, त्यात ख्रिस्ती आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कुणी टोपी घातलेले, कुणी निळा रुमाल खांद्यावर टाकलेले. पेटी खड्ड्यात उतरवली तेव्हा बिहारची दोन माणसं हात पसरून उभी राहिली, दोन्ही पंजे समोर धरून. मला आधी कळेना ते काय करताहेत. मग मागची माणसंही तसंच करायला लागली. पाळकसाहेब पुस्तक उघडून थांबले होते. त्यांनी ढोले साहेबांना हळूच विचारलं, हे काय आहे. ढोले साहेबांनी सांगितलं, आणि त्या ओघात पुढचंही सांगितलं. "या तिघांना चर्चला जाता यावं म्हणून सात वर्षं रविवारची फर्स्ट या माणसानं काढली. स्वतःचं चर्च सोडून."

पाळकसाहेब माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते. "सुधीर, तुला माहीत होतं?"

प्रकाश आणि सॅम्युअल माझ्या शेजारी होते. त्या दोघांना खरंच माहीत नव्हतं, त्यांचे चेहरेच सांगत होते. मामांची मुलगी समोर होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "नाही साहेब. आत्ताच कळतंय."

मुलीने मातीची मूठ टाकली आणि मागे सरकली. ती आपल्या वडिलांची मुलगी होती.

त्या दिवसापासून ही गोष्ट आमच्या मंडळीत सांगितली जाते. पाळकसाहेब ती तिन्ही मंडळ्यांत सांगतात. उजव्या हाताने केलेलं डाव्याला कळू नये ते कसं, याचं उदाहरण म्हणून. "आमच्या सेक्रेटरीलासुद्धा शेवटपर्यंत पत्ता लागला नाही," असं म्हणून ते माझ्याकडे प्रेमाने बघतात, आणि लोकही बघतात. सहा रविवारांची अट मी काढून टाकली. त्याबद्दलही माझं कौतुक झालं.

मामांच्या जागी कंपनीने रिलीव्हर म्हणून मला घेतलं. रविवारची फर्स्ट आता मी काढतो. प्रकाश आणि सॅम्युअल देवळात जातात आणि साडेतीनला गेटवर मला संदेश सांगतात. सुधीरने मामांचा वसा घेतला, असं सगळे म्हणतात. तसं काही नाही. मामांना हात रिकामे ठेवून बसवत नव्हतं. मला त्या हॉलमध्ये बसवत नाही. मशीनवर कुणी साक्ष मागत नाही, आणि भाकर नि प्याला माझ्यासमोर येत नाही. इथे मी किती वर्षं उभा राहिलो तरी काही फिटणार नाही, हे मला इतर कुणाहीपेक्षा चांगलं कळतं. मीच ते शिकवलं आहे. क्षमा कमवावी लागत नाही, ती फुकट मिळते, फक्त पाप कबूल करावं लागतं, हेही मीच शिकवलं. एवढ्याशा गोष्टीला माझा विश्वास पुरत नाही.

म्हणून निदान इथे लिहितो. मला शनिवारी कळलं होतं. रविवारी मामांनी स्वतःच्या तोंडाने मागितलं होतं आणि मी "लगेच" असं म्हणालो होतो. सोमवारी मी साडेतीनला सुटलो आणि घरी गेलो. मंगळवारी सुटलो आणि घरी गेलो. मामा बुधवारी दुपारी गेले. मुलगी सांगते, तीन दिवस ते दाराकडे बघत होते.